फिजिशियन असिस्टंट म्हणजे कोण? आणि त्यांच्या परिषदेत जव्हार-मोखाडा कसा मांडायचा?

डॉक्टर नाही, नर्स नाही, तरीही रुग्णाला तपासणारा, त्याची माहिती नोंदवणारा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचारात हातभार लावणारा माणूस म्हणजे फिजिशियन असिस्टंट. मोठ्या शहरांतल्या हृदयरोग किंवा शस्त्रक्रिया विभागात तुम्ही त्यांना पाहिलं असेल, पण डॉक्टर समजून बोलला असाल.

गेल्या काही वर्षांत देशात या अभ्यासक्रमाची कॉलेजं वाढली आहेत आणि विद्यार्थ्यांच्या परिषदाही भरू लागल्या आहेत. तिथे बोलायला जाणारे बहुतेक वक्ते कॅथलॅब, आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरबद्दल बोलतात. पण डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो तेव्हा काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके त्यांच्यासमोर यायला हवेत. ते का आणि कसे मांडायचे, ते पाहू.

फिजिशियन असिस्टंट ही कल्पना आली कुठून?

सुरुवात अमेरिकेत झाली. १९६० च्या दशकात तिथे ग्रामीण भागात डॉक्टरांचा तुटवडा होता. दुसरीकडे नौदलात वैद्यकीय काम केलेले अनुभवी जवान नोकरी शोधत होते. ड्यूक विद्यापीठातले डॉ. यूजीन स्टेड यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि १९६५ मध्ये अशा चार माजी नौसैनिकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला.

भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. हृदयशस्त्रक्रिया तज्ज्ञ डॉ. के. एम. चेरियन यांचा त्यात पुढाकार होता. इथे मात्र गरज वेगळी होती. अमेरिकेत हा माणूस खेड्यासाठी तयार झाला, तर भारतात तो मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनच्या मदतीसाठी तयार झाला. आजही भारतातले बहुतेक फिजिशियन असिस्टंट शहरांतल्या मोठ्या, त्यातही खासगी, रुग्णालयांत दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

भारतात त्यांना कायद्याने काय स्थान आहे?

मार्च २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा मंजूर केला. फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, डायलिसिस तंत्रज्ञ अशा अनेक व्यवसायांसोबत फिजिशियन असोसिएटचाही त्यात समावेश झाला. २०२५ मध्ये जे नमुना अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यातही हा विषय आहे.

पण कायद्यात नाव आलं म्हणजे स्वतंत्र दवाखाना उघडता येतो, असं नाही. फिजिशियन असिस्टंटने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करायचं असतं.

इथे अनेकांची एक गल्लत होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ च्या कलम ३२ मध्ये ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ नावाची वेगळी तरतूद आहे. आधुनिक वैद्यकशास्त्राशी संबंधित, ठरावीक पात्रता असलेल्या व्यक्तीला मर्यादित परवाना देता येईल आणि प्राथमिक व प्रतिबंधात्मक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, असं ते कलम म्हणतं. ही तरतूद आणि फिजिशियन असिस्टंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग यात जव्हार-मोखाडा कुठे येतो?

जव्हार-मोखाडा म्हटलं की अनेकांना धबधबे, जयविलास राजवाडा, वारली चित्रं आणि बोहाडा आठवतो. आरोग्य खात्यातल्या जुन्या माणसांना मात्र वावर-वांगणी आठवतं. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या या गावांत कुपोषण आणि आजारांमुळे झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा मुख्यालय जवळ आलं, पण प्रश्न संपले नाहीत. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या कुपोषित मुलांच्या मृत्यूंवरून राज्यात पुन्हा गदारोळ झाला.

ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीत एका महिलेची मुदतपूर्व प्रसूती घरातच झाली. जुळी बाळं दगावली. आईला रक्तस्राव होत होता आणि पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. नातेवाईकांनी तिला झोळीत घालून, पावसात, निसरड्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर चालत रस्त्यापर्यंत आणलं. ती वाचली.

फिजिशियन असिस्टंटच्या वर्गात ‘पहिला तास महत्त्वाचा’ असं शिकवतात. मर्कटवाडीसारख्या पाड्यावर तो पहिला तास वाटेतच सरतो.

अंतराचं गणित काय आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाड्याची सुमारे ८३ हजार आहे. दहापैकी नऊ लोक आदिवासी आहेत. त्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी असे समाज येतात. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहेत.

आदिवासी आणि डोंगरी भागासाठी सरकारचा निकष असा आहे:

- ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र
- २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र
- ८०,००० लोकांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र (आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय)

या हिशोबाने, २०११ ची लोकसंख्या धरली तरी दोन तालुके मिळून साधारण ७४ उपकेंद्रं आणि ११ प्राथमिक आरोग्य केंद्रं हवीत. पण हा हिशोब डोक्यांचा आहे, वाटेचा नाही. ३,००० माणसं एका गावात राहत असतील तर उपकेंद्र पाच मिनिटांवर असतं. तीच माणसं दहा-बारा पाड्यांत विखुरलेली असतील आणि मधे ओढा असेल, तर पावसाळ्यात तेच उपकेंद्र दोन तासांवर जातं.

जव्हारला पतंगशाह रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण व्हेंटिलेटर, रक्तपेढी किंवा तज्ज्ञ लागला की रुग्णाला बहुतेकदा नाशिकला पाठवलं जातं. जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर या मार्गाने नाशिक सुमारे ८० किलोमीटर आहे.

डॉक्टर येईपर्यंत रुग्णाजवळ कोण असतं?

जव्हार-मोखाड्यात ‘फिजिशियन असिस्टंट’ अशी पाटी तुम्हाला सहसा दिसणार नाही. पण ते काम होतच असतं. ते अनेकांमध्ये वाटलं गेलं आहे.

आशा: पाड्यावरचीच बाई. गरोदर कोण, ताप कोणाला, कोण कामासाठी बाहेर गेलं, हे तिला माहीत असतं. बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान आणि दूध पिणं तपासण्याचं कामही तिचं.

एएनएम: उपकेंद्रातली परिचारिका. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, प्रसूती.

समुदाय आरोग्य अधिकारी: २०१८ नंतर उपकेंद्रांचं आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागलं, तेव्हा हे पद आलं. आता या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. महाराष्ट्रात बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन इथे नेमलं जातं. फिजिशियन असिस्टंटच्या सगळ्यात जवळचं पद हेच.

मानसेवी डॉक्टर: नवसंजीवनी योजनेखालच्या भरारी पथकात पाड्या-पाड्यांवर फिरणारे डॉक्टर. यात बीएएमएस झालेले बरेच असतात.

भगत आणि सुईण: सरकारी यादीत नाहीत, पण अनेक घरांत पहिला निरोप अजूनही त्यांनाच जातो. त्यांना हसून उडवून लावणाऱ्याला पाड्यावर काम करता येत नाही.

कमी शिकलेल्या माणसाच्या हातात उपचार देणं धोक्याचं नाही का?

हा प्रश्न जुना आहे आणि रास्तही आहे. स्वातंत्र्यापूर्वी भारतात ‘लायसेन्शिएट’ म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले डॉक्टर होते. १९४६ च्या भोर समितीने एकाच दर्जाचा डॉक्टर असावा अशी भूमिका घेतली आणि पुढे ती पद्धत बंद झाली. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, तोही नंतर थांबला. आसामच्या अशाच पदविकेचा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. आधुनिक वैद्यक शिक्षणाचा किमान दर्जा केंद्र ठरवणार, राज्याला परस्पर वेगळी वाट काढता येणार नाही, असा त्याचा आधार होता.

ब्रिटनमध्येही सध्या यावरून मोठा वाद आहे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या लेंग अहवालाने तिथल्या फिजिशियन असोसिएटना पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावं, म्हणजे रुग्णांची गल्लत होणार नाही, अशी शिफारस केली. ज्याच्या आजाराचं निदान झालेलं नाही असा रुग्ण त्यांनी सरसकट पहिल्यांदा पाहू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

जव्हार-मोखाड्यात नेमकी इथेच अडचण येते. पाड्यावर येणारा प्रत्येक रुग्ण निदान न झालेलाच असतो, आणि त्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस डॉक्टर नसतो. लंडनमध्ये तोच रुग्ण शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरकडे पाठवता येतो. इथे त्याला नकार दिला तर त्याला कोणीच पाहत नाही.

म्हणजे नियम नकोत का? तर नाही. उलट इथे नियम जास्त नेमके हवेत. महाराष्ट्रातच त्याचे दोन धडे आहेत. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जी भेट देतात, तिचं मूळ त्या कामात आहे.

दोन्हीकडे यश का आलं? कामाची यादी लहान होती, प्रशिक्षण पुन्हा पुन्हा होतं, देखरेख नियमित होती आणि ‘हे माझ्या हातातलं नाही’ हे ओळखायला आधी शिकवलं होतं.

परिषदेत हे विद्यार्थ्यांसमोर कसं मांडायचं?

समजा तुम्ही या भागातले समुदाय आरोग्य अधिकारी, डॉक्टर किंवा कार्यकर्ते आहात आणि तुम्हाला अशा परिषदेत वीस मिनिटं मिळाली आहेत. समोर विशीतले विद्यार्थी आहेत. त्यातल्या बहुतेकांनी पाडा पाहिलेला नाही. मग काय कराल?

१. योजनांच्या यादीने सुरुवात करू नका. पहिल्या स्लाइडवर एक पाडा, एक उपकेंद्र, एक रुग्णालय आणि नाशिक असा साधा नकाशा ठेवा. प्रत्येक टप्प्याला उन्हाळ्यात किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात किती, तेवढंच लिहा.

२. एकच रुग्ण घ्या आणि घड्याळ लावा. कल्पना करा: जुलैची रात्र, जमिनीवर झोपलेली पंधरा वर्षांची मुलगी. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते. चावल्याची खूण दिसत नाही. घरचे आधी भगताकडे जातात. सात वाजता ती उपकेंद्रात येते, तेव्हा तिच्या पापण्या जड झाल्या आहेत. इथे थांबा आणि विद्यार्थ्यांना विचारा, तुम्हाला काय वाटतं?

मण्यार रात्री चावतो, दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या एकत्र दिसल्या तर त्याचा संशय घ्यायलाच हवा. पुढचा धोका श्वास थांबण्याचा असतो. म्हणून विषावरचं औषध आणि श्वासाची सोय जिथे आहे तिथे तिला तातडीने हलवणं, वाटेत श्वासावर लक्ष ठेवणं आणि पुढच्या रुग्णालयाला आधीच फोन करणं, ही पहिल्या माणसाची कामं. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. ते गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं आहे. या चाचणीला वीज लागत नाही, यंत्रही लागत नाही.

३. तीन आकडे पाठ करून घ्या. भाषण विसरलं जातं, आकडे राहतात.

- ११.५ सेंटीमीटर: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर याहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषित. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असो, धोका आहे.
- १४०/९०: गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब इथे पोहोचला की डॉक्टरांना कळवायचंच. १६०/११० ही तातडीची स्थिती.
- ७: गरोदर बाईचं हिमोग्लोबिन याहून खाली गेलं तर फक्त गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही.

४. निरोप कसा द्यायचा, ते करून दाखवा. दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलवा. एक उपकेंद्रात, एक रुग्णालयात. निरोपाचे चार भाग: आत्ता काय झालंय, आधीचं काय माहीत आहे, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. ‘पेशंट सिरियस आहे, पाठवतोय’ हा निरोप नाही. ‘सात महिन्यांची गरोदर, रक्तदाब १७०/११०, डोकं दुखतंय, झटक्यांची भीती वाटते, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊ का, आणि तुमच्याकडे बेड आहे का’ हा निरोप आहे. मोबाइलला रेंज एखाद्या टेकडीवरच मिळते तिथे बोलायला एकच मिनिट असतं.

५. आजाराच्या मागचं कारण दाखवा. दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबं ‘जगायला’ जातात. भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. मूल सोबत जातं, अंगणवाडीतलं त्याचं नाव मागे राहतं. परतताना अनेकदा त्याचं वजन घटलेलं असतं. उन्हाळ्यात मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर टँकरने पाणी येतं, आणि मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. हे माहीत नसेल तर विद्यार्थी ‘आई लक्ष देत नाही’ असं लिहून मोकळा होतो.

६. काय जमलं नाही, तेही सांगा. फक्त यशोगाथा ऐकून विद्यार्थी टाळ्या वाजवतात, पण शिकत नाहीत. कुठे उशीर झाला, कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे कोणालाही दोष न देता सांगा.

फोटो दाखवायचे का?

कुपोषित मुलाचा हाडं दिसणारा फोटो लावला की सभागृह शांत होतं. पण त्या मुलाच्या आईने ‘हो’ म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर कोणत्या भाषेत विचारलं होतं? उपचार मिळणार नाहीत या भीतीने तर तिने होकार दिला नाही ना?

आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांत आदिवासी समाजाची गणना संरक्षणाची जास्त गरज असलेल्या गटांत आहे. त्यामुळे काही गोष्टी पाळाव्यात:

- चेहरा, नाव आणि पाड्याचं नाव एकत्र देऊ नका. तीस उंबऱ्यांच्या पाड्यात ‘अमुक महिन्यात दगावलेलं बाळ’ एवढ्यानेही ओळख पटते.
- फोटोऐवजी दंडाचा घेर मोजायची पट्टी, वाढीचा तक्ता किंवा वाटेचा नकाशा दाखवा. काम तेवढंच होतं.
- व्हॉट्सॲपवर आलेला फोटो स्लाइडमध्ये घेऊ नका, भले तो हजार जणांनी पुढे पाठवलेला असो.
- शक्य असेल तर तिथल्या आशाला सोबत न्या आणि तिला बोलू द्या. तिचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी आयोजकांकडून आधी ठरवून घ्या.

अशा भाषणांनी खरंच काही बदलतं का?

रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात विंचूदंशाचे रुग्ण जवळून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि त्या ‘लॅन्सेट’कडे पाठवल्या. पुढे प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर वापरलं जाऊ लागलं आणि मृत्यू कमी झाले. कोकणातल्या एका लहान केंद्रातल्या नोंदी जगभर गेल्या, कारण त्या नीट लिहिल्या आणि मांडल्या गेल्या.

जव्हार-मोखाड्यातल्या एएनएम, आशा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या वह्यांतही अशा नोंदी आहेत. त्या बहुतेकदा मासिक अहवालाच्या रकान्यात जातात आणि तिथेच थांबतात.

थोडक्यात

फिजिशियन असिस्टंट हे डॉक्टर नाहीत आणि त्यांनी तसं भासवूही नये. जव्हार-मोखाड्यात लगेच त्यांची भरती होईल, असंही नाही. पण उद्या देशात ही मधली फळी वाढणार असेल, तर ती फक्त शहरातल्या ऑपरेशन थिएटरपुरती राहणार की अमेरिकेत ज्या खेड्यांसाठी ती जन्मली तशा आपल्या पाड्यांपर्यंत जाणार, हे आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांना काय दाखवलं जातं यावरही ठरेल.

आणि पुढच्या वेळी रुग्णालयात पांढऱ्या कोटातलं कोणी तुम्हाला तपासायला आलं, तर ‘तुम्ही डॉक्टर की असिस्टंट?’ असं विचारायला संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे, आणि चांगला असिस्टंट त्याचं उत्तर हसून देतो.